सूनबाईचा पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह दिसला की मला अजून घाम फुटतो. का, ते सांगतो.

माझी सूनबाई देवपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिच्या एका पेन ड्राइव्हवर लिनक्ससारख्या चार-पाच सिस्टीम भरलेल्या असतात. हवी ती निवडायची आणि कॉम्प्युटर सुरू करायचा. एकदा पोरांचे वर्षभराचे प्रोजेक्टही त्यावरच होते, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते.

दुपारी ती रडवेली होऊन बसली होती. "आबा, लिनक्समध्ये हा माउंटच होत नाही. लावला तरी उघडत नाही. बिघडला बहुतेक. आता सगळं पुसून नव्याने भरते."

"आणि पोरांचं काम?"

"जाईल."

मी उठून उभा राहिलो. "थांब. सकाळी त्याचा दिवा लुकलुकत होता, तेव्हा मीच तो उपटला."

"का?"

"विहिरीवरून निघताना मोटारीचा फ्यूज काढून खिशात घालतो, तसा. जवळ माणूस नसताना काही चालू ठेवू नये."

मला वाटलं, आता ओरडेल. पण ती हसली. "मग तो बिघडलेला नाही, आबा. त्याचं लिहिणं अर्धवट राहिलंय." तिने दुरुस्तीची कसलीशी कमांड दिली. मी उभाच होतो. पेन ड्राइव्ह उघडला.

"बठ्ठं शे का? सगळं आहे ना?" मी विचारलं.

"बठ्ठं शे, आबा! तुम्ही सांगितलं म्हणून वाचलं."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "मग तुझ्या सासूला एवढंच सांग. उपटल्याचं सांगू नको."