जरा वेळ धरून राहतात

हॅलो? …कोण, ठकी? …हो, मघाशी मीच केला होता. …काही नाही गं! आईनं लेकीला फोन करायला कारण लागतं का आता?

(फोन छातीशी दाबून, मुलाला) अरे, तुझ्या आत्याला आवर! गळा काढायचा तर मागच्या खोलीत म्हणावं. बाबा गेले हे पोरीला एवढ्यात कळता कामा नये. काम संपू दे तिचं. जाण्याआधी यांनीच बजावलंय मला.

हं, बोल. …कोण रडतंय? टीव्ही आहे तो. …तू अजून प्रयोगशाळेत, अंधारातच? तांबडा दिवा तेवढा? …फोनला तांबडा कागद लावलायस ना? नाहीतर उजेड पडून पेशी बिघडायच्या नि नाव माझं. …अजून थोडं राहिलंय? बरं. तोवर मला सांग, काय चाललंय तुझं. …अगं सांग ना! चौथी शिकलेय, बहिरी नाही.

…हं. जिवंत पेशी. तिच्यात दोन प्रोटीनं. …निळा उजेड पडला की बिलगतात एकमेकांना. …हो, हो… अगं ऐक ना, म्हणजे लग्नंच लावतेस की! स्वतःचं सोडून सगळ्यांची. …हस. तुझे बाबाही असेच हसायचे. येईल त्याला धरून सांगायचे, माझी लेक नुसत्या उजेडानं…

…हसतात. सांगतात. जीभ घसरली गं. …झोपलेत. …नको, उठवत नाही.

आणि निळा दिवा घालवला की? लगेच सुटतात? …अस्सं. जरा वेळ धरून राहतात. …मग आपली आपण सुटतात…

यांनी नाही सोडलं गं. माझी बोटं… मलाच सोडवून घ्यावी लागली.

…ठकी? …हॅलो?

…हो. …हो गं बाळा. दुपारी. …बोल मला, हवं ते बोल. पण दार उघडू नकोस, तुझं काम…

…काय? कधीच संपलं? मग अंधारात का बसलीस? …माझा फोन आलेला दिसला, तेव्हाच ओळखलंस म्हणून? …आणि ‘थोडं राहिलंय’ म्हणालीस ते?

…खोटारडी. अगदी माझ्यावर गेलीस.

ऊठ आता. मोठा दिवा लाव. …लागला? …चष्मा पूस आधी, मग जिना उतर. तू येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही मी त्यांना.

…ठेव. …तू ठेव गं. …नाही, तू.

…बरं. मीच ठेवते.