निळ्या नळातलं ऊन

देविका : आई, पट्टा सोड. पोचलो आपण.

नयना : थोडं गाडीतच बसू या का? एसी छान लागलाय आता.

देविका : सकाळपासून चल चल म्हणून माझं डोकं खाल्लंस, आणि आता बसू या?

नयना : दोन मिनिटं गं.

देविका : सलूनच्या मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलंय. माफी म्हणून तुझे केस परत धुऊन देणार आहेत. घाबरण्यासारखं काय आहे? टाळू दुखतेय का अजून?

नयना : हुळहुळते थोडी. काचेतून दिसतेय का बघ ना, ती आहे का आत.

देविका : ती कोण?

नयना : ती गं, वजीरा. त्या दिवशी जिनं धुतले.

देविका : तुला तिचं नाव कसं माहीत?

नयना : बिल्ला होता कुर्त्याला.

देविका : असेल आज. उद्यापासून नाही. मॅडम म्हणाल्या, तिला रुस्ताक गावातल्या त्यांच्या दुसऱ्या दुकानात पाठवतायत. तिथे झाडायचं, टॉवेल धुवायचे. गिऱ्हाइकाच्या डोक्याला यापुढे हात लावायचा नाही.

नयना : ते ऐकलं मी सकाळी. चहासुद्धा गेला नाही मला. लांब आहे ना रुस्ताक?

देविका : रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. तिथेच राहावं लागेल.

नयना : सलूनबद्दल तू जे लिहिलंयस फोनवर, ते पुसता येतं का?

देविका : येतं. पण का पुसू?

नयना : वाच बघू एकदा.

देविका : "माझ्या आईने थंड पाणी मागितलं. तिच्या डोक्यावर कढत पाणी सोडलं. इथल्या बाईंना गरम आणि थंड यातला फरक कळत नाही." यातलं काय खोटं आहे?

नयना : खोटं काही नाही.

देविका : मग? मी एकेक वाक्य तुला विचारून लिहिलं. ऐकीव काही घातलं नाही.

नयना : तुमच्या लॅबमध्ये करता तसं.

देविका : हो, तसंच. हसतेस काय?

नयना : हसत नाहीये. काल तू मला आंघोळीची बादली भरून ठेवली नाहीस.

देविका : आता हे कुठून आलं? काल लवकर निघाले मी. सांगितलं होतं तुला.

नयना : म्हणून मीच भरली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. निळा नळ सोडला आणि हात पोळला.

देविका : अगं, उन्हाळ्यात निळ्याला कोण हात लावतं? टाकी गच्चीवर असते, दिवसभर तापते. निळ्यात ते तापलेलं पाणी थेट येतं. आपण गीझर बंद ठेवतो, म्हणजे गीझरमधलं पाणी घरातल्या गारव्यात राहतं. गार पाहिजे तर लाल सोडायचा. उलटं वाटतं, पण सोपं आहे. इथे आखातात सगळीकडे असंच.

नयना : सगळीकडे?

देविका : सगळीकडे.

नयना : दुकानांतसुद्धा?

देविका : दुकानांत, ऑफिसात, सलून... आई. त्या दिवशी तिनं कुठला नळ सोडला?

नयना : आधी की नंतर?

देविका : आधी-नंतर काय? दोन सोडले?

नयना : मी खुर्चीत टेकले. मान त्या बेसिनच्या खाचेत अडकवायची, त्यानंच मला धडकी भरते. टेकता टेकता पाहिलं तर तिचा हात लाल ठिपक्याच्या नळावर. मी दचकले. म्हटलं, लाल नको, ब्लू. ब्लूवाला.

देविका : आणि ती?

नयना : नको नको करत होती. मी म्हटलं, मेरेको समझता है, तुम ब्लू छोडो. जल्दी.

देविका : म्हणजे निळा तू सोडायला लावलास.

नयना : मी थंड मागितलं. तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे.

देविका : आई, तिनं कारण काही सांगितलं नाही?

नयना : सांगितलं ना. म्हणाली, "मावशी, निळ्यात ऊन हाय."

देविका : मराठीत?

नयना : मला काय ठाऊक. मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय म्हणतेय. मी म्हटलं, आने दो.

देविका : ती तुझ्याशी मराठीत बोलली आणि तू तिला हिंदीत उत्तर दिलंस?

नयना : डोक्यावरचा स्कार्फ पाहिला आणि तोंडातून हिंदीच आलं. जन्मभर तुला ऊनऊन वरणभात वाढला, आणि कानाशी कुणी ऊन म्हटलं तर मी खिडकी बघत बसले.

देविका : हे कालच कळलं होतं तुला.

नयना : काल अर्धवट कळलं. सकाळी तू रुस्ताक म्हणालीस, तेव्हा पूर्ण कळलं. चल आता. बसले तर परत धीर नाही व्हायचा.

(काचेचं दार. आत ड्रायरचा आवाज, मग तो बंद होतो.)

वजीरा : आइये, बैठिये... मावशी, तुमी? थांबा, मॅडम वर हायत. बोलावते.

नयना : मॅडम नको. मी तुझ्याकडे आलेय.

वजीरा : माझ्याकडं नाय आता. ती फिलिपिनो पोरगी करेल, हात हलका हाय तिचा.

देविका : तुम्ही कुठल्या?

वजीरा : हर्णैची.

देविका : मग मॅडमना का नाही सांगितलंत, की आईनंच निळा सोडायला लावला म्हणून?

वजीरा : सांगितलं. मॅडम बोलली, गिऱ्हाईक थंड मागतं, तू कढत देतेस, वर गिऱ्हाइकालाच खोटं पाडतेस. मग गप बसली मी.

देविका : ते मी लिहिलं होतं. मी यांची मुलगी.

वजीरा : व्हय, कळलं. तोंडावळा सेम हाय.

देविका : मी आत्ताच्या आत्ता पुसते ते. हे बघा...

वजीरा : नको. पुसू नका.

देविका : का?

वजीरा : ताई, आज मला सामान बांधायला सांगितलंय, आन आजच तुमचं लिहिलेलं गायब? मॅडम म्हणेल, वजीरानं गिऱ्हाइकाला फोन केला, रडली, पुसायला लावलं. एका पोरीचं तसंच झालं. तिला तर रुस्ताक पण नाय, थेट गावाला घरी धाडलं.

देविका : मग त्याच्याखालीच खरं काय ते लिहिते. चूक आमची होती म्हणून.

नयना : माझी होती म्हणून लिही.

वजीरा : लिहा. पण मॅडम गिऱ्हाइकानं तारे किती दिले ते बघते, खालचं कोण वाचतं?

देविका : मग मी वर जाते. समजावून सांगते त्यांना, टाकी, गीझर, सगळं.

वजीरा : गीझर मॅडमनंच बंद केलाय. तिला काय समजावणार? बसा तुमी जरा. तुमी अशा फेऱ्या मारता तर मला पण धडधडतं.

देविका : बसून काय होणार आहे?

वजीरा : उभं राहून पण काय होतंय.

नयना : घरी कोण आहे गं तुझ्या?

वजीरा : मुलगी, हिबा. दुसरीला. शाळा इथं मागल्या गल्लीत हाय. नवरा, मुआज, तिकडं बरका गावात दुकानात कामाला, घरी यायला उशीर व्हतो त्याला. मी रुस्ताकला गेली तर तिला गावाला धाडायची, सासूकडं. दुसरं काय.

नयना : ती काय म्हणते?

वजीरा : तिला नाय सांगितलं अजून. इन्शाल्ला सांगेन.

देविका : तुमच्या मॅडमना पटतं तरी कशानं?

वजीरा : गिऱ्हाईक कुणाचं नाव घेतं, त्यानं. लिहून नाय, तोंडानं. आत आल्या आल्या बोलतात ना, अमकी हाय का, नाय तर मी नंतर येते. तिला मॅडम हलवत नाय.

नयना : आणि तुझं नाव कुणी घेतं का?

वजीरा : केस धुणाऱ्या बाईचं नाव कोण घेतं, मावशी? कापणारीचं घेतात.

नयना : वर ऐकू जातं का इथलं?

वजीरा : जिना उघडाच हाय. खोकलं तरी जातं.

नयना : वजीरा आहे का? मला वजीराकडूनच केस धुवायचेत.

देविका : आई, हळू.

नयना : हळू कशाला? वजीरा नसेल तर मी जाते.

वजीरा : मावशी, मला हात लावायला मनाई हाय.

नयना : तुला मनाई आहे, मला नाही. कुठे बसू? इथेच ना?

देविका : आई, तुझी मान. आणि टाळू हुळहुळते म्हणालीस मघाशी.

नयना : म्हणूनच. माहितीचा हात बरा.

वजीरा : थांबा, मानेखाली टॉवेल घालते. त्या दिवशी पण घालत होती, तुमी जल्दी जल्दी बोलल्या.

नयना : फार बोलले गं मी.

वजीरा : सगळीच बोलतात. इथं मान टाकली की समोर छत, बाकी काय दिसत नाय. एक बोलते नखं लागली, एक बोलते कानात पाणी गेलं, एकीला वाटतं साबण तसाच राहिला. मी पण कुणाकडून धुऊन घ्यायची नाय. भीती वाटते.

देविका : पाणी आधी मी मनगटावर घेऊन बघू?

नयना : नको. तू लांब बस.

देविका : एकदाच बघते.

नयना : देविका, बस म्हटलं ना.

वजीरा : बघू द्या त्यांना. घ्या ताई. लाल सोडलाय.

देविका : हं. गार आहे.

वजीरा : वर खुर्ची सरकली. मॅडमची.

नयना : मग मोठ्यानं ऐका सगळ्यांनी. दर शुक्रवारी येईन मी. वजीराकडे.

देविका : आई, तुझं परतीचं तिकीट झालंय.

नयना : मी गेले की तू ये.

देविका : मी? मी घरी धुते केस.

नयना : आता इथे धुवायचे.

देविका : बरं. दर शुक्रवारी. वजीराकडे.

वजीरा : ताई, तुमचा आवाज नाय पोचायचा वर.

देविका : दर शुक्रवारी, वजीराकडेच.

वजीरा : मॅडम उतरतेय. मावशी, मी सोडते, टॉवेल घ्या. ती बघेल.

नयना : बघू दे. माझे डोळे मिटलेत. तू हात काढू नकोस.