कोरड्या रानाची मुलाखत

ऐका, आमच्या शेजारची सुनंदा भूगर्भशास्त्रात पीएचडी, तरी घरीच बसलेली. वडवणीकडच्या कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली म्हणून मी तिच्यासंगं गेलतो. गेटवर बोअर पाडायची गाडी उभी व्हती. मुलाखतीतून पोरगी रडतच बाहेर आली.

"काका, संस्थाचालक म्हणले, कॉलेजमागच्या माझ्या रानात बोअर कुठं घेऊ? मी म्हणलं, खाली नुसता काळा पाषाण हाय, पाणी लागणारच न्हाई."

"लई शाणी!" म्हणलं, आन् थांबलेल्या उमेदवारांच्या कानाला लागलो. एकाला म्हणलं, "सायबांना बोअरसाठी आंब्याखालची जागा पसंत हाय." दुसऱ्याला बांध सांगितला, तिसऱ्याला गोठा.

शेवटी सायब तणतणत बाहेर आले. "सगळ्यांनी पाणी दावलं, पन एकाची जागा दुसऱ्याला जुळंना! म्हंजी खरं बोलली ती ही एकटीच. बाई, सोमवारी रुजू व्हा. आन् काका, ती गेटवरली बोअरची गाडी तेवढी माघारी घालवा."