इस्तारीची जीप अन् तिसरं वळन

...मंग वळन आतून घ्याचं का बाहेरून, हे शर्यतीच्या आंधी टपरीवरल्या कोनी सांगितलं होतं का मले? अन् आता सारेच सांगते. टपरीवर चहाले बसलो का सुरू... 'इस्तारीभाऊ, तुमी आतून घ्याचं होतं.' दुसरा म्हनते, 'नाई नाई, बाहेरून.' अबे, तुमची सायकल तरी वळते का धड? तुम्हाले सांगतो, बावीस वर्षं जीप चालवली मी, चामोर्शी ते घोट, घोट ते चामोर्शी, जंगलातला रस्ता, सतरा वळनं, अन् सतराच्या सतरा वळनं डोळे मिटून घेतली... म्हंजे तसं नाई, मांडीवर कोनाचं तरी लेकरू, काचेसमोर कोनाची तरी कोंबडी, दाराले दोघं लटकलेले, काई दिसतच नोयतं, म्हून म्हनतो डोळे मिटून.

आता लोकाईकडं मोटरसायकली झाल्या. जीपीत कोन बसते? दोन वर्षापासून गाडी दारात उभी, अन् कुंता, माह्यी बायको, परस्पर भंगारवाल्यासंग बोलून आली. 'अजी, सोमवारी येते म्हने तो. धान वाळवाले दारातली जागा मोकळी होईन.' धान वाळवाले! त्या दिवशी मले जेवन गेलं नाई. म्हनलं, कुंते, गाडीत जान आहे अजून. तं म्हनते कशी, 'जान आहे तं दाखवा.'

अन् त्याच हप्त्यात मंडळाच्या पोट्ट्याईनं काय काढलं, तं शंकरपटाच्या दुसऱ्या दिवशी जीपची शर्यत. आता बैलाचा पट कसा असते, सरळ. बैल सुटले का सुसाट, अन् खतम. जीपले सरळ कुठी पुरते? म्हून धान कापलेल्या बांध्याईतून गोल रस्ता काढला, तीन वळनं, पाच चक्कर, सात गाड्या. कुंतानं मले समोर बसवून सांगितलं, 'पयल्या तिनात आले तं गाडी राहीन. नाई आले तं सोमवार.' ह्या बाईले कोर्टात बसवाले पायजे होतं.

मंग मी गेलो पत्रूकडं. पत्रू म्हंजे पटाचा जुना धुरकरी, चाळीस वर्षं त्यानं बैलं हाकलले. म्हनलं, पत्रूभाऊ, वळन आतून का बाहेरून? तंबाखू मळत म्हनते, 'आतून. आतून जवळ पडते.' बरं, घरी आलो तं माहा साडू चंदन येऊन बसलेला. हा वरोऱ्याले गाडी शिकवाचा क्लास घेते, त्याच्यानं जेवताना बी शिकवनं सुटत नाई. त्यानं ताट घेतलं, त्याच्यात वरनाची वाटी ठेवली, म्हनते, 'साडभाऊ, ताट म्हंजे वळन, वाटी म्हंजे तुमची जीप. बाहेरून या, वळनाच्या पोटाले टायर घासा, अन् पुन्हा बाहेर निघा. ब्रेक पयले दाबाचा, वळनात नाई. वळनात ब्रेक दाबला तं मेलेच समजा.' म्हून वाटी फिरवली. सारं वरन भातात. कुंता म्हनते, 'अंगनात जा दोघंही.'

मंग आतून का बाहेरून? रात्रभर तेच. सकाळी उठलो, चपला हातात घेतल्या अन् अनवानी बांधीत उतरलो. बांधी पायालेच समजते, बावा. पयल्या वळनाले आतून गेलो तं टाच रुतली, वरतून वाळलेलं अन् खाली चिखल, म्हून तिथी बाहेरून. दुसऱ्या वळनाले बाहेर धानाचे धसकटं, त्याच्यावरून टायर घसरते, म्हून तिथी आतून, मरू दे चंदनले. अन् तिसरं वळन... तिसरं वळन घोटच्या रस्त्याले लागून, मोहाच्या झाडाखाली, जमीन टनक. तिथी चंदनची वाटी बराबर बसली. मंग घरून जीप आनली. बाहेरून आलो, मोहाच्या मुळाले टायर घासला, बाहेर निघालो. आठ डाव करून पाह्यलं. आठही डाव गाडी लोन्यावानी वळली. त्या रात्री झोपलो मी.

शर्यतीच्या दिवशी पयल्या चक्करले पाचवा होतो. दुसऱ्याले चौथा, कावून का ते सारे आतून घुसत अन् चिखलात घुरघुर करत बसत. चौथ्याले दुसरा. कुंता बांधीच्या काठाले, धुऱ्यावर उभी, पदर तोंडात धरलेला, मले दिसली. पाचव्या चक्करले माह्या पुढचा गडी धसकटावर घसरला, अन् मी सर्व्याच्या पुढं! आता एक वळन, तिसरं, माहं पाठ केलेलं. बाहेरून आलो. ब्रेक पयलेच दाबून सोडला होता. मोहाचं मूळ समोर...

अन् मोहाखाली हात वर झाला.

आता सांगा. तो माह्या डोक्यानं पाह्यलाच नाई हो, पायानं पाह्यला. बावीस वर्षं त्याच झाडाखाली माहे पाशिंजर उभे राह्यले. हात दिसला का पाय ब्रेकवर, असं हाडातच बसलं आहे. वळनाच्या ऐन पोटात दाबला ब्रेक, गाडी गोल फिरली अन् बराबर नीलाबाईच्या पुढं येऊन थांबली. नीलाबाई, घोटची भोईन, बाजारात सुकी मासोळी विकून आलेली, डोक्यावर टोपलं. दार उघडून बसली बी. 'आला का बापा? तुही गाडी बंद झाली म्हने कोनी.' म्हनलं, नीलाबाई, उतर वं, शर्यत आहे. 'असन,' म्हनते, 'घोटले जाते नं?'

उतरवाची होती, मले समजते. पन बावीस वर्षांत रस्त्यावर उभ्या मान्साले मी कदी सोडून गेलो नाई, अन् बसलेल्या म्हातारीले ढकलू? तेवढ्यात गाडी थांबली पाहून मांगून बाजारातले आनखी आठ जन चढले. बाजूनं सहा जीपी निघून गेल्या. सातव्या नंबरले आलो, नऊ सवाऱ्या घेऊन. माइकवाला म्हनते, 'अन् ही आली घोटची गाडी.' सारा धुरा हासला. अन् नवाच्या नऊ जन बसूनच राह्यले, त्याईले घोटले सोडून द्या लागलं.

घरी आलो तं कुंता दारातली जागा झाडून राह्यली होती, धानासाठी.

सोमवारी भंगारवाला आला. कुंता त्याले म्हनते, 'सहा वाजता या.' अन् लुगडं बदलून बाहेर आली अन् पुढच्या सीटवर बसली. म्हनते, 'मुलचेऱ्याले माहेरी नेऊन आना मले. बावीस वर्षांत कदी बसवलं का पुढं?' नोयतं बसवलं, भाऊ. पुढची सीट नेहमी गुरुजीची, नाई तं कोन्या बिमाराची, कुंता आपली मांगं बोऱ्याईवर. लाज वाटली मले, खरं सांगतो.

निघालो. रस्ता खाली, जंगल सारं आमच्या दोघाईचंच. मांडीवर लेकरू नाई, काचेसमोर कोंबडी नाई, पयल्यांदा मले वळन दिसलं. बाहेरून आलो, ब्रेक पयले, पोटाले घासलो, बाहेर निघालो. स्टेरिंग आपोआप सरळ झालं. दुसरं वळन तसंच, तिसरं तसंच. डोळ्यात पानी आलं माह्या. म्हनलं, कुंते, पाह्यलं का? याले म्हनते वळन.

तं म्हनते, 'अजी, थांबवा. मले मळमळून राह्यलं.'

थांबवली. सडकेच्या काठाले बसून ओकली बिचारी, मी पाठ चोळली, पानी देल्लं. अन् हात जोडून म्हनलं, चाल कुंते, उशीर होऊन राह्यला, तो भंगारवाला सहाले येईन. तं तोंड पुसत म्हनते कशी, 'बसा नं जराक. भंगारात जावाले कायची घाई आहे?'

बसलो मंग, बावा. काय करता?