देवाच्या रानातली वाट

आमच्या घरचा नियम ऐका. कपिलधारच्या वाटेवर देवाचं राखलेलं रान आहे, तिथं बाईनं पाऊल टाकायचं नाही आणि का, हेही विचारायचं नाही. पुण्याहून कॉलेज शिकून आले, तेव्हा आईला तिथं फिरवून आणायचं मी ठरवलं. पंचवीस वर्षं शेजारी राहून तिनं ते पाहिलं नव्हतं. सगळे मिळून जाऊ म्हटलं, तर काका म्हणाले, "बाया गाडीत बसतील, रान आमी बघून येऊ."

मी शेळ्या राखणाऱ्या सोनाबाईला वाट विचारली.

"लई सोपी हाय. देवाच्या अंघोळीच्या पाण्याची घागर रोज मीच आणते की तितून! पुजारी रानाच्या कडंला उभा राहून घेतो."

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी तिच्यामागं आत शिरलो. तिघींच्या कवेत न मावणारी झाडं, आणि कोरड्या खडकातून आपसूक निघणारं पाणी. आईनं हात जोडले.

बातमी आमच्याआधीच घरी पोचली होती; ओट्यावर वडीलधारे बसलेच होते. काका गरजले, "दोघीबी प्रायश्चित्त घ्या!"

"घेणार नाही," मी म्हणाले. "सोनाबाईच्या पाण्यानं देव रोज न्हातो. तो बाटला का, ते आधी सांगा."