मोरीनचा डबा

परदेशातल्या टॅला गावाच्या बसथांब्यावर शेजारून मराठी ऐकू येताच निवृत्त शिक्षक प्रभाकरराव कान देऊन बसले.

"आजी, दुसऱ्या संस्कृतीवर निबंध दिला नाही तर मला डिग्रीच मिळणार नाही. उद्या शेवटचा दिवस!"

"मग शेजारच्या मोरीनवर लिही की."

"तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा कुठे येते?"

"भाषा कशाला? तिनं डब्यातून ब्रेड पाठवला. डबा रिकामा कसा परत करायचा? मी लाडू भरून दिले. तिनं त्यातच केक पाठवला. चार वर्षं तोच डबा फिरतोय."

प्रभाकररावांची बस आली. ते हललेच नाहीत.

"म्हणजे आजी, मोरीन ही पद्धत तुझ्याकडून शिकली?"

"मग ती पास झाली म्हणायची. आता तू तेवढी हो."