बाईंना हाक कशी मारावी

मी, कोपऱ्यावरचे कपडे दुरुस्तीचे दुकान चालवणारी, वय बावन्न, शिक्षण चौथी, तीही ढकलत, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, आज संध्याकाळी स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते येणेप्रमाणे. पॅन्टच्या आणि बॅगांच्या चेन बदलते म्हणून गल्लीत मला चेनवाली काकू म्हणतात. चौकशीला माणूस पाठवलात तर त्याच नावाने विचारा.

माझ्या सासूबाई आज दुपारी दुकानातून निघून गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत. वय ब्याऐंशी. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणतात. माझे पती त्यांच्याच वर्गात होते. वर्गात आई म्हणायचे नाही असा नियम होता, तो घरातही चिकटला. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही बाईच म्हणायला सांगितले. आमच्या घरात आई या शब्दाला पुढेही कधी काम पडले नाही. म्हणून या जबाबात मी बाईच म्हणेन.

वर्णन. उंची माझ्या खांद्याइतकी, अंगाने बारीक, पांढरे केस मागे बांधलेले, चष्मा. अंगात फिकट निळा गाऊन, त्यावर माझा राखाडी स्वेटर, त्याच्या उजव्या कोपराला ठिगळ. पायात घरातल्या सपाता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात फळा पुसायचे डस्टर. हवालदारांनी दागिने किती, रोकड किती असे दोनदा विचारले. दोनदा सांगितले, डस्टर.

बाईंना गेली काही वर्षे विसर पडतो. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग रस्ते, मग माणसे. माझ्या पतींना त्या कधी पोस्टमन समजतात, कधी शाळेचा शिपाई. मला 'मागच्या बाकावरची' म्हणतात. त्यांचे स्वतःचे नाव घेतले तर कोणाला बोलावताय म्हणून इकडेतिकडे बघतात. हे मी मुद्दाम लिहायला लावते आहे, कारण मघाशी साहेब म्हणाले की गाडीवरून नाव पुकारतो. नावाने काही होणार नाही. उगाच घसा कोरडा कराल.

त्यांची एकच गोष्ट शाबूत आहे. इंग्रजीत लोक ज्या शब्दांची गल्लत करतात त्यांच्या जोड्या. बॉरो म्हणजे आपण मागून घ्यायचे, लेंड म्हणजे आपण द्यायचे. ब्रिंग म्हणजे इकडे आणायचे, टेक म्हणजे तिकडे न्यायचे. बिसाइड म्हणजे शेजारी, बिसाइड्स म्हणजे शिवाय. रिमेंबर म्हणजे आपले आपण लक्षात ठेवायचे, रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला आठवण करून द्यायची. उभा जन्म बाईंनी हेच शिकवले. लग्नानंतर मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "मला उद्या रिमेंबर करा हं." बाई चारचौघांत म्हणाल्या, "सुनेला बटण लावता येतं, क्रियापद लावता येत नाही." सगळे हसले. मीही हसले. ते असो, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

बाई दिवसभर दुकानात माझ्या मशीनशेजारी खुर्चीवर बसतात. दुपार कलली की अस्वस्थ होतात, पिशवी खांद्याला लावतात आणि तास आहे म्हणून उठतात. अडवले तर ओरडतात, चावतातसुद्धा. डॉक्टरांनी गोळी दिली होती, तिने नुसत्या मान टाकून बसत. ती मी बंद केली. एकदा त्या अशाच उठल्या आणि माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, ती कात्री मला बॉरो करा." बाई जागच्या जागी वळल्या. "काय म्हणालीस?" आणि खाली बसल्या. "लेंड! तू बॉरो करतेस, मी लेंड करते. म्हण पुन्हा." मी पुन्हा चुकले. तेव्हा खरेच चुकले होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतले. तेवढ्या वेळात माझ्या दोन पॅन्ट आखूड करून झाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी मी चुकते. जोड्या आता मला सगळ्या येतात, पण येतात असे दाखवायचे नाही. कारण उत्तर बरोबर आले की बाई म्हणतात, "शाबास, तास संपला," आणि निघतात. चुकले की थांबतात. चुकलेल्या मुलाला तसेच टाकून बाई कधी वर्गाबाहेर पडल्या नाहीत, असे माझे पती सांगतात. चुकणारे बहुतेक वेळा तेच असत.

गिऱ्हाईकांना गंमत वाटते. एक टॅक्सीवाला म्हणाला, "काकू, रोज तेच? डोक्यात भुसा भरलाय का?" मी म्हटले, "भरलाय. तुझी चेन उद्या ने."

आज मला दोऱ्याची रिळे आणायला घाऊक बाजारात जायचे होते. माझे पती बस डेपोत मेकॅनिक आहेत, त्यांना आज सुटी होती. मी बजावले, "त्या उठल्या की चुकीचं बोला. काहीही बोला, पण बरोबर बोलू नका."

ते म्हणाले, "बाईंसमोर? मला नाही जमायचं."

"का? लहानपणी तर बरं जमत होतं."

मी पिशव्या घेऊन गेले.

पुढचे मला पतींनी सांगितले आहे. ते बाहेर बाकावर बसलेत. त्यांचा जबाब वेगळा घ्यायचा असेल तर घ्या, पण दम देऊन घेऊ नका. तीनच्या सुमारास बाई उठल्या. हे म्हणाले, "बाई, मला उद्या रिमेंबर करा." बाई थांबल्या. माझी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि म्हणाल्या, "हात पुढे." यांनी हात पुढे केला. साठीला आलेला माणूस. बाईंनी मारले नाही. पट्टी नुसती तळव्यावर ठेवली आणि विचारले, "रिमेंबर की रिमाइंड?" यांच्या तोंडून बरोबर उत्तर आले. मग बॉरो आणि लेंड, तेही बरोबर. मग ब्रिंग आणि टेक. मी विचारले, चुकायचं ठरलं होतं ना? म्हणाले, "पट्टी होती गं हातावर."

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. यांच्या गालाला हात लावला. म्हणाल्या, "शाबास. आज सगळं बरोबर. घरी जाऊन आईला सांग."

हे आत मोरीत तोंड धुवायला गेले. किती वेळ धूत होते ते त्यांना सांगता येत नाही. बाहेर आले तेव्हा दुकानाचे दार उघडे आणि खुर्ची रिकामी.

आम्ही जुन्या शाळेच्या जागी जाऊन आलो. तिथे आता गाड्यांचे शोरूम आहे, वॉचमनने कोणाला पाहिले नाही. बस थांबा, बाग, दवाखाना पाहिला. पुलाकडे हे एकटे गेले, मला येऊ दिले नाही. तिथेही काही नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हवालदारांनी 'मुलाच्या हलगर्जीपणामुळे' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. ते शब्द राहिले असते तर मी सही केली नसती.

माझे मागणे एवढेच. बाई दिसल्या तर नाव पुकारू नका, दंडाला धरू नका. जवळ जाऊन कोणीही मोठ्याने म्हणावे, "जरा तुमचं पेन मला बॉरो करा." त्या वळतील. मग त्या सांगतील ते ऐकून घ्यावे आणि पुन्हा चुकावे. आम्ही पोचेपर्यंत चुकत राहावे. इंग्रजी चांगले येणारा माणूस पाठवू नका, त्याला राहवणार नाही. शहाणपणा करून बरोबर उत्तर दिले की त्या शाबास म्हणतील आणि अंधारात चालू लागतील. बाहेर गारठा आहे. स्वेटरला वरचे बटण नाही, लावायचे राहून गेले आहे. रात्रपाळीच्या गाडीला हे सगळे पुन्हा पुन्हा रिमेंबर करावे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, फक्त शेवटी गाडीला रिमेंबर करावे असे पडले आहे, तिथे रिमाइंड हवे. हवालदार खोडायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. ते तसेच राहू द्यावे. बाई आल्या की हा कागद त्यांच्यापुढे धरायचा आहे.